दारुहळदीचा अर्क जिवाणू मारतो, मग अँटिबायोटिकऐवजी काढा का चालत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईंना वर्षातून तीन-चार वेळा लघवीचा संसर्ग होतो, कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जिवाणू वाढवून बघायच्या तपासणीत, दर वेळी ई. कोलाय हा जिवाणू निघतो. तुम्ही एक शोधनिबंध वाचलात, त्यात दारुहळदीच्या मुळाच्या अर्काने सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकच्या तोडीचा झोन, म्हणजे औषधाभोवती जिवाणू न वाढलेला स्वच्छ गोल, दिला होता. मग गोळ्या सोडून काढा सुरू करावा का, आणि इतकं चांगलं औषध डॉक्टर लिहून का देत नाहीत, औषध कंपन्यांनी ते दडपून तर टाकलं नाही ना? आईंना मधुमेहाच्या गोळ्याही चालू आहेत हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. त्याकडे मी शेवटी येते, कारण तेच जास्त महत्त्वाचं आहे.

आधी उत्तर देऊन टाकते. नको. लघवीच्या संसर्गासाठी काढ्यावर विसंबू नका. पण ‘झाडपाल्यात काही नसतं’ म्हणून मी नको म्हणत नाहीये. दारुहळदीत भरपूर काही आहे. ते जिथे पोचायला हवं तिथे पोचत नाही, ही खरी अडचण. वनस्पतींच्या अर्कांची जिवाणूंवर चाचणी घेण्यात माझी काही वर्षं गेली आहेत आणि सुरुवातच दारुहळदीने झाली होती, तेव्हा उत्तर थोडं लांबेल.

दारुहळद म्हणजे बर्बेरिस अ‍ॅरिस्टाटा, हिमालयात साधारण २००० ते ३००० मीटर उंचीवर वाढणारं काटेरी झुडूप. मूळ तोडलं की आतलं लाकूड पिवळंधमक दिसतं, म्हणून दारुहळद. दारु म्हणजे संस्कृतात लाकूड. (दारूशी काही संबंध नाही, हे दर वर्षी एखाद्या नव्या विद्यार्थ्याला सांगावं लागायचं.) नेहमीच्या हळदीशीही तिचं नातं नाही. हळद आल्याच्या कुळातली आणि तिचा रंग कर्क्युमिनचा. हिचं कूळ वेगळं आणि रंग बर्बेरीन या पिवळ्या रसायनाचा. बाजारात दारुहळद म्हणून कधी कधी दक्षिणेकडच्या एका वेलीचं, कॉसिनियम फेनेस्ट्रेटमचं, खोडही मिळतं. त्यातही बर्बेरीन असतं, त्यामुळे नुसत्या पिवळ्या रंगावरून फसायला होतं. सोबतची बाकीची रसायनं मात्र दोघांची सारखी नाहीत.

मुळाच्या सालीत बर्बेरीन सगळ्यात जास्त, खोडात त्याहून कमी. त्याच्या जोडीला पाल्मॅटिन, जॅट्रोऱ्हायझिन, कोलंबॅमिन ही सख्खी भावंडं, आणि बर्बॅमिन, ऑक्सिअ‍ॅकँथिन हे जरा वेगळ्या बांध्याचे अल्कलॉइड (वनस्पतींतली नायट्रोजन असलेली रसायनं). सगळ्यांची सुरुवात टायरोसिन या साध्या अमिनो आम्लापासून होते. मधल्या वाटेवर रेटिक्युलिन नावाचं एक रसायन तयार होतं आणि तिथे रस्ता फुटतो. अफूचं झाड त्यापासून मॉर्फिनकडे जातं, दारुहळद बर्बेरीनकडे. या गोष्टीचा तुमच्या प्रश्नाशी काही संबंध नाही, पण मला ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आता बर्बेरीनची एकच गोष्ट लक्षात ठेवा. त्याच्या रेणूतल्या नायट्रोजनवर कायमचा धन प्रभार असतो. आम्ल असो वा अल्क, तो जात नाही. बर्बेरीन जिवाणूत कसं शिरतं, अगारमध्ये (जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या थरात) का अडखळतं आणि आपल्या आतड्यातून आत का जात नाही, या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी हा प्रभार आहे.

जिवाणूच्या पेशीचा आतला भाग बाहेरच्या मानाने ऋण असतो, त्यामुळे धन प्रभाराचं बर्बेरीन आत ओढलं जातं आणि साठत जातं. आत डीएनएही ऋण, त्याला ते चिकटतं. पेशी दुभंगताना मधोमध एफटीएसझेड नावाच्या प्रथिनाचं कडं तयार होतं, त्यातही बर्बेरीन अडथळा आणतं. म्हणजे जंतुनाशक गुण आहे का, तर आहेच. त्यावर वाद नाही.

मग झोनची गोष्ट. माझी पहिली प्लेट स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूची होती. अगारवर जिवाणू सारखे पसरवले, वर सहा मिलिमीटरच्या कागदी चकत्या ठेवल्या, एकीवर दारुहळदीचा अर्क. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेट उघडली तर चकतीभोवती असा सुरेख पिवळा गोल, की मी पट्टी लावून लगेच आकडा वहीत लिहिला. सरांनी प्लेट हातात घेतली, उलटी केली, काळ्या कागदावर धरून उजेड तिरका पडेल अशी फिरवली आणि म्हणाले, “तू रंग मोजलायस. झोन हा आहे.” पिवळ्या गोलाच्या आत एक लहान गोल होता, तेवढाच काचेसारखा स्वच्छ. त्याच्या बाहेर रंग होता, पण रंगाखाली जिवाणू मजेत वाढलेले होते, बारीक दुधाळ साय धरावी तसे. नंतर प्लेट अतिनील दिव्याखाली धरली तेव्हा पिवळी झळाळी स्वच्छ गोलाच्या कितीतरी पुढे गेलेली दिसली. बर्बेरीन पोचलं होतं, पण मारण्याइतकं पोचलं नव्हतं. त्या दिवसापासून पिवळ्या अर्काच्या झोनचा फोटो कुठे दिसला की मी आधी कडा कुठे धरलीय ते बघते.

तुमच्या शोधनिबंधात कडा बरोबर धरली असेल असं मानू. तरीही दोन झोन शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या प्रमाणित चकतीवर औषध असतं ५ मायक्रोग्रॅम. अर्काच्या चकतीवर बहुतेक वेळा १ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त अर्क ओततात, म्हणजे निदान २०० पट. एकाने पळीभर टाकायचं, दुसऱ्याने हंडाभर, आणि मग चव सारखीच लागली म्हणायचं! शिवाय झोन किती मोठा होतो हे रसायन अगारमधून किती सहज सरकतं यावरही ठरतं. अगारमध्ये थोडे ऋण प्रभाराचे गट असतात, ते बर्बेरीनला धरून ठेवतात. म्हणजे झोन लहान आला तरी रसायन दुबळं असं म्हणता येत नाही आणि मोठा आला तरी जोरदार म्हणता येत नाही.

आणखी एक पाहा. सिप्रोला दाद देणाऱ्या ई. कोलायवर त्या ५ मायक्रोग्रॅमच्या चकतीचा झोन तीस मिलिमीटरच्या पुढेमागे यायला हवा. निबंधात तो वीस-बावीस असेल तर तो जिवाणूच सिप्रोला धडपणे जुमानत नाही, किंवा चकत्या जुन्या झाल्यात. तेव्हा ‘सिप्रोच्या तोडीचा’ याचा अर्थ ‘न चालणाऱ्या सिप्रोच्या तोडीचा’ असाही निघू शकतो. अर्क ज्या द्रावकात विरघळवला त्या नुसत्या द्रावकाची चकती शेजारी ठेवली होती का, तेही बघा. नसेल तर मी निबंध तिथेच मिटते.

खरी तुलना एमआयसीने होते, म्हणजे वाढ थांबवायला कमीत कमी किती प्रमाण लागतं त्याने. छोट्या खळग्यांच्या प्लेटमध्ये औषध निम्मं-निम्मं करत पातळ करत जायचं आणि कुठल्या खळग्यापर्यंत गढूळपणा येत नाही ते बघायचं. इथेही बर्बेरीन छळतं. द्रावणच पिवळं, गढूळ झालंय की नुसता रंग आहे, कळत नाही. म्हणून रेझाझुरिन घालतात. हा निळा रंग जिवंत जिवाणू असले की गुलाबी होतो. माझ्या प्लेटमध्ये निळ्यात पिवळा मिसळून वाढ नसलेले खळगे हिरवे दिसायचे आणि वाढ झालेले केशरीकडे झुकलेले. एकदा नजर बसली की छान वाचता येतं. नजर बसेपर्यंत मात्र माझ्या तीन प्लेट वाया गेल्या.

आकडे काय येतात? शुद्ध बर्बेरीनला स्टॅफिलोकोकस ऑरियस थांबवायला साधारणपणे मिलिलिटरमागे १०० मायक्रोग्रॅम किंवा त्याच्या वर जावं लागतं. ई. कोलायसाठी कित्येक शे. सिप्रोला प्रमाणित ई. कोलायसाठी लागतात ०.००४ ते ०.०१६ मायक्रोग्रॅम. फरक हजारो पटींचा आहे. या क्षेत्रात एक दंडक आहे: शुद्ध रसायनाची एमआयसी १०० मायक्रोग्रॅमच्या वर आणि कच्च्या अर्काची १००० च्या वर गेली तर उगाच हुरळून जायचं नाही. तो काटेकोरपणे लावला तर छापून आलेल्या निम्म्याशिम्म्या निबंधांना कात्री लागेल, असं माझं मत आहे. हे मत आहे, मोजदाद नव्हे.

आता मला या विषयात खरा रस कुठे आहे ते सांगते. बर्बेरीन इतकं दुबळं का पडतं? ते आत शिरत नाही म्हणून नव्हे, तर जिवाणू ते बाहेर उपसून टाकतो म्हणून. स्टॅफिलोकोकसच्या आवरणात नॉरए नावाचा पंप असतो. धन प्रभाराचे, थोडे तेलकट स्वभावाचे रेणू हे त्याचं आवडतं गिऱ्हाईक आणि बर्बेरीन अगदी त्या मापाचं. सन २००० मध्ये अमेरिकेत फ्रँक स्टर्मिट्झ, किम लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्बेरिस फ्रेमाँटी या तिथल्या झुडपात एक दुसरं रसायन शोधलं, ५-प्राइम-मेथॉक्सिहायड्नोकार्पिन. एकट्याने ते जिवाणूंचं काहीच वाकडं करत नाही. पण ते नॉरए पंप बंद पाडतं, आणि मग तेच दुबळं बर्बेरीन कित्येक पट कमी प्रमाणात जिवाणूची वाढ थांबवतं. एकाच झाडात एक घाव घालणारा आणि दुसरा पंपाच्या तोंडात बोळा कोंबणारा! अर्क शुद्ध करत करत एकेक रसायन वेगळं काढलं की कधी कधी गुण हातातून निसटतो, तो का, हे मला हा निबंध वाचून पहिल्यांदा नीट कळलं.

पण ‘म्हणजे आख्ख्या मुळाचा काढा शुद्ध बर्बेरीनपेक्षा बरा’ अशी उडी मारू नका. ते झुडूप दारुहळदीचं अमेरिकेतलं चुलत भावंड आहे. ते सहकारी रसायन आपल्या दारुहळदीच्या मुळात असेलच, आणि काढ्यात पुरेसं उतरेलच, असं धरून चालता येत नाही. शिवाय नॉरए हा स्टॅफिलोकोकसचा पंप. तुमच्या आईंचा शत्रू ई. कोलाय. त्याच्याकडे पेशीभोवती एक जादा बाह्य आवरण असतं आणि त्याच्या जोडीला एक्रएबी-टॉलसी हा वेगळा, फार कर्तबगार पंप. २००२ मध्ये लुईस यांच्याच गटाने दाखवलं की अशा जिवाणूंचे पंप निकामी केले तर बर्बेरीनसकट अनेक वनस्पतिज रसायनं एकदम जोरदार ठरतात. प्रयोगशाळेत पंप निकामी करता येतो. माणसाच्या अंगात तेवढ्यासाठी देता येईल असं औषध अजून दवाखान्यात आलेलं नाही.

समजा हेही जमलं. तरी आपलं आतडं उरतंच. आतड्याच्या अस्तरातही एक पंप आहे, पी-ग्लायकोप्रोटीन, आणि त्यालाही बर्बेरीन आवडतं, साधारण त्याच कारणांसाठी. तो ते आत घेतलेलं परत आतड्यात फेकतो. जे थोडं निसटतं त्याची यकृत वासलात लावतं. आतड्यातले काही जिवाणू बर्बेरीनचं डायहायड्रोबर्बेरीन करतात. त्यात तो धन प्रभार तात्पुरता जातो आणि रेणू सहज आत शिरतो, पण शिरला की पुन्हा बर्बेरीन होतो. एवढं सगळं होऊन तोंडावाटे घेतलेल्या मात्रेच्या एक टक्क्याहूनही कमी भाग मूळ रूपात रक्तात पोचतो. माणसांत मोजलंय: ४०० मिलिग्रॅमच्या एका मात्रेनंतर रक्तातलं शिखर मिलिलिटरमागे एक नॅनोग्रॅमच्याही खाली राहिलं. जिवाणू थांबवायला लागतात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एक लाख नॅनोग्रॅम. आता दोन आकडे समोरासमोर ठेवा. लघवीतही मूळ बर्बेरीन नगण्यच उतरतं. कल्चर प्लेटवर आपण अर्क थेट जिवाणूच्या डोक्यावर ओततो. मूत्राशयात तो तसा ओतता येत नाही.

म्हणून बर्बेरीनने माणसांत काही करून दाखवलंय ते जिथे शोषण लागतच नाही अशा जागी. ढाक्यात झालेल्या आणि १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जुलाबाच्या १६५ प्रौढ रुग्णांवर बर्बेरीन सल्फेट तपासलं. आतड्यात विष सोडणाऱ्या ई. कोलायच्या जुलाबात ४०० मिलिग्रॅमच्या एकाच मात्रेने शौचाचं प्रमाण घटलं आणि चोवीस तासांत जुलाब थांबलेले रुग्ण ४२ टक्के निघाले, उपचार न मिळालेल्यांत २० टक्के. कॉलऱ्यात फारसा फरक पडला नाही. यातला बराच परिणाम जंतू मारून नव्हे, तर आतड्यातून पाणी सुटणं कमी करून होतो. चीनमध्ये जुलाबासाठी बर्बेरीनच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळतात. तेव्हा औषध कंपन्यांनी दडपून टाकल्याचा तुमचा संशय इथे टिकत नाही. मलेरियावरचं आर्टेमिसिनिनही वनस्पतीतूनच आलं आणि तू यूयू यांना २०१५ चं नोबेल मिळवून गेलं. जे रक्तात पोचतं, त्याला कुणी अडवत नाही.

गंमत अशी की आयुर्वेदाच्या ग्रंथांत दारुहळदीचे जे उपयोग ठळकपणे येतात ते अतिसार, डोळ्यांचे रोग, व्रण. म्हणजे आतडं, डोळा, जखम. तिच्या काढ्यात बकरीचं दूध घालून आटवलेलं रसांजन तर डोळ्यांसाठीच नावाजलेलं. त्यांच्याकडे एमआयसी नव्हती, पण कुठे लागू पडतं हे त्यांनी बघितलेलं दिसतं. (घरी रसांजन उगाळून डोळ्यात घालू नका. निर्जंतुक नसलेली कुठलीही गोष्ट डोळ्यात नको.)

तुम्हाला शोधताना एक निबंध नक्की सापडेल, तेव्हा मीच सांगते. १९८८ मध्ये असं दिसलं होतं की मूत्रमार्गात संसर्ग करणाऱ्या ई. कोलायला पेशींना चिकटायला जे केसासारखे धागे लागतात, ते बर्बेरीन सल्फेटच्या संपर्कात त्याच्याकडून कमी तयार होतात. जिवाणू मरत नाही, पण त्याची पकड सुटते. कल्पना मला मनापासून आवडते. पण तेही काचेच्या नळीतलं, आणि नळीत जेवढं बर्बेरीन होतं तेवढं लघवीत उतरवायचं कसं, या प्रश्नाशी आपण परत येऊन थांबतो.

आता आईंच्या मधुमेहाच्या गोळ्या. ग्रंथांत दारुहळदीचा आणखी एक उपयोग सांगितलाय, प्रमेहात, म्हणजे मधुमेहासारख्या विकारांत. आणि इथे बर्बेरीन खरंच काम करतं. चीनमधल्या २००८ च्या एका छोट्या चाचणीत नव्याने टाइप २ मधुमेह झालेल्यांना ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा दिल्यावर तीन महिन्यांत साखर मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या नेहमीच्या गोळीइतकी उतरली होती. रक्तात इतकं कमी असून हे कसं, यावर भरपूर वाद आहेत. बराचसा खेळ आतड्यात आणि यकृतात होत असावा, असं मला वाटतं. पण तुमच्यासाठी त्याचा अर्थ सरळ आहे. ज्या काढ्याने ई. कोलाय हलणार नाही, त्याने साखर हलू शकते. आईंच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइडसारखं काही असेल तर साखर फार खाली जाण्याची भीती आहे: घाम, थरथर, गरगरणं, असंबद्ध बोलणं. शिवाय अनेक औषधं मोडणाऱ्या यकृतातल्या विकरांना (एन्झाइमना) बर्बेरीन अडवतं, त्यामुळे इतर गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. तुम्ही ‘काढा सुरू करावा का’ असं विचारलंय, पण वाचताना मला वाटलं की तो सुरू झालेला असावा. तसं असेल तर तो थांबवा, साखर घरी तपासत राहा आणि डॉक्टरांना न लाजता सांगा. घरात कुणी गरोदर असेल किंवा तान्हं बाळ असेल तर त्यांच्यापासूनही बर्बेरीन लांब ठेवा, कारण नवजात बाळाच्या रक्तात ते बिलिरुबिनला, म्हणजे काविळीच्या पिवळ्या द्रव्याला, त्याच्या जागेवरून हुसकावतं आणि कावीळ मेंदूपर्यंत जाऊ शकते.

वारंवार अँटिबायोटिक द्यायला लागू नये ही तुमची तगमग मात्र रास्त आहे, आणि त्यासाठी डॉक्टरांना विचारण्यासारखं बरंच आहे. पाळी गेलेल्या बायकांमध्ये योनिमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम संसर्ग परत परत होण्याचं प्रमाण कमी करतं. मेथेनामाइन हिप्युरेट हे अँटिबायोटिक नसलेलं औषध लघवीत उतरून आम्लात फुटतं आणि तिथेच फॉर्मल्डिहाइड सोडतं. ब्रिटनमधल्या २०२२ च्या चाचणीत ते रोजच्या प्रतिबंधक अँटिबायोटिकच्या जवळपास बरोबरीचं ठरलं. बर्बेरीनला जे जमत नाही, म्हणजे मूत्राशयापर्यंत पोचणं, ते याला जमतं. आईंच्या मूत्रपिंडाची स्थिती बघून ते चालेल का, हे डॉक्टरच ठरवतील.

पुढच्या वेळी जळजळ सुरू झाली की कल्चरचा नमुना पहिली गोळी घेण्याआधी द्या. सकाळची लघवी, सुरुवातीची थोडी सोडून मधली धार, निर्जंतुक बाटलीत, आणि लगेच प्रयोगशाळेत. जमलं नाही तर फ्रिजमध्ये. आधीच्या तिन्ही-चारही रिपोर्टचे कागद एकत्र लावून न्या. ई. कोलाय दर वेळी त्याच औषधांना दाद देतोय की बदलतोय, हे त्या कागदांवरून दोन मिनिटांत कळतं, आणि गोळी त्यावरच ठरते.